लहान झेडपी शाळेचा दर्जा कसा पारखावा

पहिली ते चौथी किंवा पाचवीपर्यंतचे वर्ग, साठच्या आतला पट आणि दोन शिक्षक अशी जिल्हा परिषदेची शाळा सोलापूर जिल्ह्याच्या अकराही तालुक्यांत वाड्यावस्त्यांवर आढळते. शिक्षण हक्क कायदा २००९ ने ठरवून दिलेले प्रमाणही हेच आहे. ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत चार. अशा शाळेला शहरातल्या मोठ्या शाळेची मापे लावली तर निष्कर्ष हमखास चुकतो. विषयवार शिक्षक, प्रयोगशाळा, स्नेहसंमेलनाचा थाट किंवा निकालाची टक्केवारी या गोष्टी द्विशिक्षकी शाळेत एक तर नसतात किंवा असल्या तरी फारसे काही सांगत नाहीत. तिथे मुख्य प्रश्न दोनच. वर्गात सर्वांत मागे असलेल्या मुलाला काय येते? आणि शिक्षक एका इयत्तेला शिकवत असतात तेव्हा दुसरी इयत्ता काय करत असते? बाकीची सगळी पाहणी या दोन प्रश्नांच्या पोटात येते.

शाळेत शिरताना आधी दिसते ती इमारत. तिला पाहणीत योग्य तेवढीच जागा द्यावी. ऊनपाऊस अडवणारी इमारत, प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, मुलामुलींची स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, स्वयंपाकाची जागा, खेळाचे मैदान, कुंपण, पुस्तके आणि अपंग मुलाला आत येता येईल असा रॅम्प या गोष्टी कायद्याच्या परिशिष्टातच आहेत आणि त्या तिथे असायलाच हव्यात. स्वच्छतागृह आहे का, एवढे विचारून भागत नाही. त्याला कुलूप आहे का आणि आत पाणी येते का, हे दार उघडून पाहावे. सोलापूरच्या कोरड्या पट्ट्यात मार्चनंतर बोअर आटतो. तेव्हा पाण्याची सोय कोण करते हेही विचारावे. पत्र्याच्या खोलीत एप्रिलच्या दुपारी बसवत नाही, म्हणून उन्हाळ्यात शाळा सकाळची असते. त्या वेळापत्रकात तास किती कमी होतात ते पाहावे. इमारतीची तपासणी एवढ्यावर संपते. रंगवलेल्या भिंती, आयएसओ मानांकनाची पाटी, एलईडी टीव्ही, 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' स्पर्धेतले प्रमाणपत्र यांमागे बहुधा शिक्षकांचे आणि गावाचे खरे कष्ट असतात. त्यांचा मान राखावा. पण मुलांना वाचता येते याचा तो पुरावा नव्हे.

वाचनाची पारख हा या पाहणीचा गाभा आहे आणि त्यासाठी तज्ज्ञ असण्याची गरज नाही. 'प्रथम' संस्थेने २००५ पासून 'असर' सर्वेक्षणात वापरलेले साधन एका कागदावर मावते. एका भागात सुटी अक्षरे, दुसऱ्यात सोपे शब्द, तिसऱ्यात पहिलीच्या पातळीचा चार वाक्यांचा परिच्छेद आणि चौथ्यात दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. मूल यांपैकी कुठपर्यंत सहज पोचते, ती त्याची वाचनपातळी. पाचवीतल्या मुलालाही हाच कागद द्यायचा असतो, कारण त्याची इयत्ता कोणती आहे हे इथे विचारायचे नसून त्याला काय येते हे पाहायचे असते. मोठ्या शाळेत अशा चाचणीसाठी नमुना निवडावा लागतो. लहान शाळेची सोय अशी, की एका मुलाला सहा-सात मिनिटे धरली तर तीस मुलांची अख्खी शाळा एका दिवसात पुरी होते. कोणीही सुटत नाही. शिक्षकांनी पुढे केलेली हुशार दोन मुले वाचून गेली आणि पाहुणे समाधानाने परतले, असे व्हायला वाव राहत नाही.

कागद तयार करताना एक पथ्य पाळावे. उतारा मुलांच्या पाठ्यपुस्तकातला नसावा. पुस्तकातला धडा अनेक मुलांना ऐकून ऐकून तोंडपाठ असतो आणि बोट एका ओळीवर, आवाज दुसऱ्या ओळीचा असे घडते. शंका आली तर परिच्छेदाच्या मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून तो वाचायला सांगावा. मराठी वाचनात मुले अडखळतात त्या जागाही ठरलेल्या आहेत: जोडाक्षर, रफार, ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी, अनुस्वार. जे मूल 'क ला काना का, म ला काना मा' असे मनात जुळवत पुढे सरकते ते शब्दाच्या शेवटी पोचेपर्यंत वाक्याची सुरुवात विसरलेले असते. म्हणून वाचून झाल्यावर दोन साधे प्रश्न विचारावेत. एक उताऱ्यात सरळ उत्तर असलेला, दुसरा थोडा विचार करायला लावणारा. वाचले पण कळले नाही, असे असेल तर ती पातळी पूर्ण धरू नये. 'निपुण भारत' अभियानाने जुलै २०२१ मध्ये ठरवलेल्या ध्येयांप्रमाणे तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत अशी अपेक्षा आहे. घड्याळ लावायचे तर मुलाला न कळेल असे लावावे. वेळेच्या धाकाने अडखळणारी मुले बरीच असतात.

गणितात पाढे म्हणून घेणे ही सर्वांत फसवी चाचणी. पाढा सुरात येतो. सात आठे विचारले की मूल सातच्या पाढ्याला पहिल्यापासून सुरुवात करते. त्याऐवजी तीन गोष्टी पाहाव्यात: दोन अंकी संख्या मधूनच ओळखता येते का, हातच्याची वजाबाकी येते का आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येते का. उत्तर चुकले तर कसे चुकले यातून वर्गातल्या शिकवण्याविषयी बरेच कळते. ५२ मधून २७ वजा करताना ज्याचे उत्तर ३५ येते, त्याने एककाच्या घरात मोठ्यातून लहान वजा केलेले असते. त्याला दशक सुटा करणे म्हणजे काय हे कधी काड्यांचा गठ्ठा सोडून दाखवलेले नाही. ६१८ भागिले ६ चे उत्तर १३ लिहिणारे मूल शून्याची जागा विसरले आहे. एका वर्गातली पाचही मुले एकाच पद्धतीने चुकत असतील तर ती मुलांची चूक नाही, शिकवण्यात राहून गेलेली जागा आहे. ती दुरुस्त होण्याजोगी आहे आणि शिक्षकांना नेमकी दाखवता येते. शेवटी एक तोंडी उदाहरण द्यावे, रोजच्या व्यवहारातले. सांगोल्याकडच्या मुलाला डाळिंबाच्या २० किलोच्या सहा कॅरेटचे वजन विचारले तर ते बहुतेक वेळा बोटांवर क्षणात सांगते, आणि तेच गणित पाटीवर मांडायला सांगितले की थांबते. तोंडी येते, लेखी येत नाही, ही नोंद दर्जाविषयी फार उपयोगी आहे. मुलाची बुद्धी शाबूत आहे आणि शाळेला त्या बुद्धीला अजून कागदावर आणता आलेले नाही, असा तिचा अर्थ.

लेखनासाठी वह्या पाहाव्यात. वर्गातल्या सगळ्या वह्यांत शब्दन् शब्द सारखा निबंध असेल तर तो फळ्यावरून उतरवून घेतलेला आहे. काल घरी काय झाले, यावर मुलाने स्वतः लिहिलेल्या चार वेड्यावाकड्या ओळी त्या सुबक निबंधापेक्षा मोलाच्या. लाल शाईही वाचावी. प्रत्येक पानावर फक्त बरोबरची खूण आणि सही असेल तर वही तपासली गेली, पण वाचली गेली नाही. चुकलेला शब्द नीट लिहून दाखवलेला आणि पुढच्या आठवड्यात मुलाने तो बरोबर लिहिलेला आढळला, तर त्या वर्गात शिकणे चालू आहे.

ही चाचणी घेताना मुलाच्या मनाला धक्का लागता कामा नये. मुख्याध्यापकांची परवानगी आधी घ्यावी, मूल वर्गापासून थोडे बाजूला, व्हरांड्यात किंवा झाडाखाली बसवावे, आधी गप्पा माराव्यात, सोप्यापासून सुरुवात करावी आणि कोणाला किती आले हे वर्गात बोलू नये. शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य अशी पाहणी करत असतील तर शिक्षकांना सोबत घेणे सर्वांत चांगले. शिक्षकांच्या पाठीमागे केलेल्या चाचणीतून भांडण निघते, सुधारणा निघत नाही.

आता आकड्यांविषयी. लहान शाळेच्या टक्केवारीवर कधीही विसंबू नये. चौथीत सहा मुले असतील तर एका मुलाने निकाल जवळपास सतरा टक्क्यांनी वरखाली होतो. वर्षभर आजारी राहिलेले एक मूल किंवा घरी शिक्षक असलेले एक मूल शाळेचा आलेख बदलून टाकते. म्हणून 'यंदा ८३ टक्के मुले प्रगत' या वाक्यातून काहीच कळत नाही. सहापैकी पाच मुले वाचतात आणि सहावे का वाचत नाही, हे कळले पाहिजे. दुसरे असे, की पोचलेली पातळी आणि झालेली वाटचाल या वेगळ्या गोष्टी आहेत. अंगणवाडीत नियमित गेलेली, घरी वर्तमानपत्र येणारी मुले ज्या शाळेत आहेत ती शाळा न शिकवताही बरी दिसते. जी मुले घराण्यातली पहिलीच शिकणारी आहेत, त्यांच्यासाठी अक्षरापासून परिच्छेदापर्यंत वर्षभरात पोचणे ही मोठी मजल असते. यासाठी प्रत्येक मुलाच्या नावापुढे जूनमधली पातळी आणि मार्चमधली पातळी अशा दोन नोंदी हव्यात. चांगल्या शाळेत असा तक्ता शिक्षकांनी स्वतःच ठेवलेला असतो, आणि मागितल्यावर तो कपाटातून शोधावा लागत नाही.

दुसरा मोठा प्रश्न वेळेचा. कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवून दिले आहे, म्हणजे दिवसाला चार तास. चौथीपर्यंतच्या द्विशिक्षकी शाळेत एका शिक्षकाकडे दोन इयत्ता येतात. त्यांनी वेळ समान वाटला तरी एका इयत्तेला समोरासमोर दोन तास मिळतात. एक शिक्षक प्रशिक्षणाला, केंद्राच्या शिक्षण परिषदेला किंवा मतदार यादीच्या कामाला गेले की उरलेल्या एकट्या शिक्षकाच्या वाट्याला चार इयत्ता येतात आणि प्रत्येकीला तास जेमतेम एक. मग बाकीचे तीन तास मुलांचे काय होते? लहान शाळेचा दर्जा याच तीन तासांत ठरतो.

हे पाहायचे तर वर्गात मागे तासभर शांत बसावे आणि नजर शिकवल्या जाणाऱ्या मुलांवर न ठेवता दुसऱ्या इयत्तेवर ठेवावी. 'पाच पाढे लिहा', 'शुद्धलेखन काढा' असे सांगून बसवलेली मुले दहा मिनिटांत काम संपवतात आणि मग खोड्या काढतात किंवा गप्प बसून राहतात. गप्प बसणे शिस्तीचे दिसते, पण तो वेळ वाया गेलेलाच असतो. उलट, ज्या शाळेने बहुवर्ग अध्यापन मनावर घेतले आहे तिथे फळ्याचे दोन भाग केलेले असतात, मुले गटांत बसतात, शब्दपट्ट्या, मणी, काड्या, दहाच्या माळा हाताशी असतात, चौथीतली मुलगी दुसरीतल्या दोघांचे वाचन घेते आणि काम संपले की पुढचे काय करायचे हे मुलांना ठाऊक असते. शिक्षक दाराबाहेर गेले तरी काम थांबत नाही. ही खूण एकदा पाहिली की विसरता येत नाही.

ही पद्धत नवी नाही. कोलंबियात १९७० च्या दशकात 'एस्कुएला नुएवा' नावाने तिथल्या खेड्यांतल्या एक-दोन शिक्षकी शाळांसाठीच अशी रचना उभी राहिली. मुले मार्गदर्शक पुस्तिकांच्या आधारे आपापल्या गतीने पुढे जातात आणि शिक्षक गरज असेल तिथे बसतो. आंध्र प्रदेशात मदनपल्लीजवळच्या ऋषी व्हॅलीने आसपासच्या वस्त्यांवरच्या शाळांसाठी कार्डांची शिडी तयार केली. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने जिल्हा परिषदेच्या शाळांनी ज्ञानरचनावादी पद्धत वापरली आणि ती पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. त्यानंतर फरशीवर रंगवलेली अक्षरे आणि अंकांची चक्रे पुष्कळ शाळांत आली. ती नुसती आली आहेत की वापरात आहेत, हे ओळखणे सोपे आहे. वापरातली फरशी झिजलेली असते, माळांचे मणी मळलेले असतात, शब्दपट्ट्यांचे कोपरे दुमडलेले असतात. नवे कोरे शैक्षणिक साहित्य पाहुण्यांसाठी ठेवलेले समजावे.

शिक्षकांच्या हजेरीकडे पाहताना न्यायबुद्धी हवी. शाळेत हालचाल नोंदवही असते. बाहेर गेलेले शिक्षक कुठे आणि का गेले ते तीत असते. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण ही कामे कायद्याच्या कलम २७ नुसारच शिक्षकांना करावी लागतात. त्यात ऑनलाइन माहिती भरण्याची भर पडली आहे. या गैरहजेरीचा दोष शिक्षकांवर टाकणे अन्यायाचे आहे; मात्र वर्षात असे किती दिवस गेले याची बेरीज मांडणे आवश्यक आहे, कारण मुलाच्या दृष्टीने बुडालेला दिवस तो बुडालेलाच. शिक्षक गावात राहतात की बार्शी-पंढरपूरहून येतात यावर गावात वाद रंगतो. दर्जाशी त्याचा संबंध एवढाच, की परिपाठाच्या वेळी ते हजर असतात का आणि शेवटचा तास होतो का.

मुलांच्या हजेरीची पाहणी सोलापूरचा वर्षक्रम लक्षात घेऊन करावी. जून-जुलैत आषाढी वारी असते. माळशिरस आणि पंढरपूर तालुक्यांत पालखी मार्गावरच्या गावांची सगळी घडी त्या दिवसांत बदलते. आठवडी बाजाराच्या दिवशी पट कमी भरतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये मंगळवेढ्याच्या मालदांडी पट्ट्यात ज्वारीची काढणी असते आणि मोठी मुले लहान भावंडांना सांभाळायला रानात जातात. अशा एखाद्याच दिवशी जाऊन मुले येत नाहीत असे ठरवणे चुकीचे. हजेरीपत्रकाचे तीन वेगवेगळे महिने पाहावेत आणि सलग आठ-दहा दिवस गैरहजर असलेली नावे वेगळी काढावीत. त्या मुलांची चौकशी करायला कोण गेले, असा प्रश्न विचारावा. पटावरच्या प्रत्येक नावामागचे घर शिक्षकांना माहीत असणे ही लहान शाळेची ताकद आहे. ती जिथे वापरली जात नाही, तिथे लहान असण्याचा काहीच फायदा मुलांना मिळत नाही.

याच संदर्भात ऊसतोडीचा हंगाम ही शाळेची कसोटी ठरते. दिवाळीच्या सुमारास बीड आणि इतर भागांतून टोळ्या साखर कारखान्यांच्या परिसरात येतात, फडाजवळ कोप्या पडतात आणि त्यांत शाळेच्या वयाची मुले असतात. शिक्षण हक्क कायद्यानुसार मुलाला वयानुरूप वर्गात घेणे बंधनकारक आहे. वर्षाच्या मध्ये आला, दाखला नाही, जन्माचा पुरावा नाही या कारणांनी त्याला परत पाठवता येत नाही. माढा, माळशिरस, पंढरपूर भागातल्या शाळेविषयी मत बनवताना कोपीवरची मुले वर्गात बसतात का, बसली तर मागे एका कोपऱ्यात की गटात, हे नक्की पाहावे. जी शाळा चार महिन्यांसाठी आलेल्या मुलाला अक्षर ओळखायला शिकवून पाठवते, ती आपल्या गावच्या मुलालाही सोडून देत नाही. हंगामात गावातलेच पालक बाहेर जात असतील तर मुलांना मागे ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहाची सोय मागितली होती का, हेही विचारावे.

भाषेचा मुद्दा या जिल्ह्यात टाळता येत नाही. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर आणि मंगळवेढ्याच्या सीमेकडील गावांत घरची भाषा कन्नड असते, तांड्यांवर गोरमाटी असते, आणि जिल्हा परिषदेच्या मराठीखेरीज कन्नड व उर्दू माध्यमांच्याही शाळा आहेत. चाचणी नेहमी शाळेच्या माध्यमाच्या भाषेत घ्यावी. पण घरी कन्नड बोलणारे मूल मराठी शाळेत पहिलीत आले असेल तर पहिल्या वर्षी त्याचे वाचन मोजण्यापेक्षा शिक्षक त्याच्याशी कसे बोलतात ते पाहावे. त्याच्या भाषेतले दहा-वीस शब्द शिक्षकांनी शिकून घेतले असतील तर ते मूल तोंड उघडते. 'काय करायलास' असे म्हणणाऱ्या मुलाला हसून गप्प करणाऱ्या वर्गात प्रश्न विचारायला कोणी हात वर करत नाही. पाहणीच्या तासाभरात मुलांनी स्वतःहून किती प्रश्न विचारले, ही साधी मोजदाद बरेच काही सांगून जाते.

पोषण आहाराची पाहणी दुपारच्या सुट्टीत पानावर बसून करावी. प्राथमिकच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ आणि ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळतील असा आहार ठरलेला आहे. मुलांना वाढण्याआधी अन्नाची चव घेऊन नोंद करायची असते. ती नोंदवही आठवड्याचा मजकूर एकाच शाईने, एकाच बैठकीत लिहिल्यासारखी दिसते का ते पाहावे. सगळ्या जातींची मुले एकाच पंगतीत बसतात का, याकडे विशेष लक्ष द्यावे. यात तडजोड करणारी शाळा दुसऱ्या कशातही चांगली ठरत नाही.

फलकावरच्या शिष्यवृत्तीधारकांच्या आणि नवोदय निवडीच्या नावांनी पालक दिपून जातात. मोहोळ तालुक्यातल्या पोखरापूरच्या जवाहर नवोदय विद्यालयात एका मुलीची निवड होणे ही गावासाठी आनंदाचीच गोष्ट. पण त्या एका मुलीसाठी वर्षभर जादा तास झाले आणि त्याच वर्गातली तीन मुले गोष्ट वाचू शकत नाहीत, असे असेल तर शाळेने आपले मुख्य काम केलेले नाही. फलक पाहिल्यावर त्याच वर्षीच्या वर्गातल्या उरलेल्या मुलांचे काय झाले, असे विचारावे.

सर्वांत विश्वासार्ह साक्ष बहुधा शाळेबाहेर मिळते. वस्तीवरची मुले चौथी-पाचवीनंतर शेजारच्या मोठ्या गावातल्या हायस्कुलात जातात. तिथल्या पाचवी-सहावीच्या वर्गशिक्षकांकडे दरवर्षी आठ-दहा वाड्यांवरची मुले येतात आणि कुठल्या वाडीची मुले पहिल्या दिवसापासून वाचतात, कुठल्या वाडीची मुले मागे बसतात, हे त्यांना न पाहताही सांगता येते. त्यांच्याकडून तीन वर्षांचे मत घ्यावे, एका वर्षाचे नको.

तीन वर्षांचा आग्रह धरण्याचे आणखी एक कारण आहे. द्विशिक्षकी शाळेचा दर्जा म्हणजे प्रत्यक्षात दोन माणसांचा दर्जा असतो आणि एका बदलीने तो रातोरात बदलतो. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे नाव डिसेंबर २०२० मध्ये जगभर पोचले. तिथले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना वार्की फाउंडेशनचा दहा लाख डॉलरचा 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाला आणि त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांमध्ये वाटण्याचे जाहीर केले. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापून त्यामागे ध्वनिफिती व चित्रफिती जोडण्याचा त्यांचा प्रयोग पुढे राज्याच्या पुस्तकांत आला. एक शिक्षक लहान वाडीच्या शाळेत काय घडवू शकतो हे त्यातून दिसले. पण कोणत्याही शाळेच्या बाबतीत असा शिक्षक असताना मिळालेल्या कीर्तीवरून आजचा दर्जा ठरवू नये. पद्धत माणसाबरोबर निघून गेली की शाळेत राहिली, हे तपासावे. मुलांच्या पातळ्यांचा तक्ता नवे शिक्षक पुढे चालवतात का, गटांची घडी तशीच आहे का, जुने साहित्य कपाटाबाहेर आहे का, यावरून ते कळते.

कागदपत्रांत पाहण्यासारख्या गोष्टी थोड्या आहेत. प्रत्येक शाळेला ११ अंकी यू-डायस क्रमांक असतो. सोलापूर जिल्ह्यातल्या शाळांचा तो २७३० ने सुरू होतो. त्यावरून पट, शिक्षकसंख्या आणि सुविधांची नोंद ऑनलाइन पाहता येते. ती प्रत्यक्षाशी ताडून पाहावी. गेल्या काही वर्षांचा पट उतरत असेल तर कारण शोधावे. वस्तीच ओस पडते आहे की पिवळ्या बसमधून मुले तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जात आहेत? नुसत्या कमी पटावरून शाळा वाईट ठरत नाही. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करण्याचा विचार पुढे आला, तेव्हा राज्यात अशा शाळा १४ हजारांहून अधिक होत्या. एकाच मापाने मोजता येतील इतक्या त्या सारख्या नाहीत. बसने जाणाऱ्या मुलांच्या पालकांनीही वरचाच वाचनाचा कागद घरी वापरून पाहावा, मराठीचा आणि इंग्रजीचाही. जिल्हा परिषदेच्या शाळांत २००० पासून पहिलीलाच इंग्रजी आहे, त्यामुळे तुलना करणे कठीण नाही.

पाहणीत जे आढळले ते शाळा व्यवस्थापन समितीपुढे मांडावे. या समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असाव्या लागतात, अध्यक्ष पालकांमधूनच निवडला जातो आणि मुख्याध्यापक सचिव असतात. समितीचे इतिवृत्त वाचले तर ती जिवंत आहे की सह्यांपुरती, हे लगेच कळते. फक्त रंगकाम, कुंपण आणि पंधरा ऑगस्टच्या खाऊची चर्चा असेल तर शिकण्याचा विषय एकदा तरी घेण्याची मागणी करावी. शाळा विकास आराखडा तयार करण्याचा अधिकार कायद्याने समितीला दिला आहे. त्यात 'गुणवत्ता वाढवणे' असे मोघम न लिहिता 'दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तिसरीतल्या चौघांना परिच्छेद वाचता यावा' असे लिहावे. कोणाची मदत लागेल, कोणते साहित्य हवे, घरी कोण वाचून घेईल, हेही त्यातच यावे. शिक्षकाचे पद रिक्त असेल किंवा एकच शिक्षक उरला असेल तर तो प्रश्न शाळेत सुटणारा नाही; त्यासाठी केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना समितीच्या ठरावासह लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि ग्रामसभेत तो विषय ठेवावा. वाचनाची तीच चाचणी, त्याच मुलांची, दिवाळीनंतर शाळा उघडल्यावर पुन्हा घ्यावी आणि तिसऱ्यांदा मार्चमध्ये.